डबक्यातला दादा, तळ्यातली ताई

भाताचं रोप हे एक गवतच, ठाऊक आहे ना? मग त्याची रानातली भावंडंही असणारच! आज त्यातल्या दोघांना भेटू या. एक ऑरायझा निवारा, दुसरं ऑरायझा रुफिपोगॉन. नावं जिभेला जडच, म्हणून आपण त्यांना डबक्यातला दादा आणि तळ्यातली ताई म्हणू.

दोघांच्या पेशींत गुणसूत्रं २४, आपल्या शेतातल्या भातातही तेवढीच. दोघांच्या दाण्यांना लांबलचक कूस असतं. कुसावरून टोकाकडून खाली बोट फिरवा, खरखर लागेल! बारीक काटे टोकाकडे वळलेले असतात ना, म्हणून. दाणा त्यामुळे चिखलात पुढे सरकतो, मागे येत नाही. आणि पिकला रे पिकला की तो लोंबीतून झडतो. कापणीची वाट कोण बघतंय!

मग फरक कुठे? पाण्यात!

दादा राहतो उथळ डबक्यात. पावसाळा सरला की डबकं आटतं आणि दादाही वाळून जातो. म्हणजे जे काय करायचं ते एकाच हंगामात. म्हणून तो भरपूर दाणे धरतो आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांवर काम भागवतो. त्याचे परागकोश जेमतेम २ मिलिमीटरचे.

ताईच्या तळ्यात पाणी बारमाही. तिला कसली घाई? ती वर्षानुवर्षं जगते. पाणी चढलं की तिचे दांडे लांबतात, पेरांना मुळं फुटतात आणि त्यातूनच नवी रोपं होतात. दाणे मात्र ती बेतानेच धरते. पराग वाऱ्यावर सोडून शेजारच्या रोपांकडे पाठवायचे असतात, म्हणून तिचे परागकोश मोठे, ४ मिलिमीटर किंवा त्याहूनही लांब.

एवढ्याशा आयुष्यात दादाने एक मोठी कामगिरी केलीय बरं का! १९७० च्या सुमारास आशियातल्या भाताला खुरटवणाऱ्या एका विषाणूने गाठलं. तपकिरी तुडतुडे तो रोपारोपांवर पसरवत होते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६ हजारांवर वाण तपासले. त्या विषाणूला दाद न देणारा वाण सापडला एकच, उत्तर प्रदेशातून नेलेला निवारा! त्याचा हा गुण संकराने भातात आणला. १९७६ मध्ये आलेल्या 'आयआर ३६' या गाजलेल्या वाणातही तो आहे.

आता सांगा, गावाबाहेरचं एखादं डबकं कोणी 'बिनकामाचं' म्हणून बुजवायला निघालं, तर तुम्ही त्याला काय सांगाल?