ट्रॅक्टर 'मिसिंग' मारतो तेव्हा



गाळप हंगाम ऐन भरात, फडात ऊस तुटून पडलेला, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर भकभक करायला लागतो. पैनगंगाकाठच्या काळ्या रानातून भरली ट्रॉली निघत नाही. तुटलेला ऊस उन्हात वाळतो. वजनही घटते, साखरही घटते. अशा वेळी घाईने इंजिन खोलण्याआधी थोडी तपासणी करा, असे आमचे सांगणे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून एखादा सिलिंडर काम करीनासा झाला, तर तीन गोष्टी पाहायच्या. डिझेल वेळेवर पोचते का? नोझल नीट फवारते का? कॉम्प्रेशन टिकते का?

आधी फिल्टर पाहा, त्यात पाणी-कचरा असेल तर काढा. लाइनीत हवा शिरली असेल तर हवा काढा. पुष्कळदा दुखणे इथेच संपते.

तरीही मिसिंग राहिले, तर इंजिन हळू चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा ढिला करावा व पुन्हा आवळावा. आवाज पडला, तर तो सिलिंडर चालू. काहीच फरक पडला नाही, तर दुखणे तिथेच! मग इंजिन बंद करून ते नोझल शेजारच्याशी बदला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागीच राहिला तर पंप, टॅपेट, व्हॉल्व्ह, रिंगा व हेड गॅसकेट यांची तपासणी फिटरकडून करवून घ्यावी.

तीन सिलिंडरच्या इंजिनात एक गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली. शिवाय न जळालेले डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले, डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर जागीच थांबवा. पातळ ऑइलावर ओढलेली एक खेप बेअरिंगे खाऊन टाकते.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. फवाऱ्यासमोर हात धरू नका, डिझेल कातडीतून आत घुसते. आणि जवळ बिडी नको. दुसरे म्हणजे, १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हा धुराचा नियम लागू झाला. त्यामुळे पुष्कळ नव्या इंजिनांत कॉमन रेल आली. तिचा दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे नट ढिला करण्याची ही जुनी पद्धत बिलकूल वापरू नये. कंपनीच्या माणसालाच बोलवावे.

हंगामाआधी नोझल तपासून घ्या. फडात उभ्या ट्रॅक्टरपेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते!