शिवणयंत्राविषयीचे काही गैरसमज

यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली आपल्या यंत्रविरोधाला सिंगरच्या शिवणयंत्राचा स्पष्ट अपवाद केला होता. परंतु ज्या घरांत हे यंत्र पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, त्याच घरांत त्याच्या स्वभावाविषयी असे काही समज रूढ आहेत की, मामुली बिघाडाची फिर्यादही थेट कारागिराकडे जाते आणि शिक्षा मात्र बहुधा निरपराध भागाला होते. त्यांपैकी चार समजांचा खुलासा येथे करीत आहे.

गैरसमज : कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला, तर दोष बॉबिनचा.
वस्तुस्थिती : गुंता खाली दिसला, तरी त्याचे मूळ बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. सुई तळापर्यंत जाऊन किंचित वर येऊ लागते तेव्हा तिच्या नेढ्यापाशी दोऱ्याचा लहानसा फास पडतो. शटलचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते, आणि मग वर-खाली होणारी दांडी तो सैल दोरा ओढून घेऊन टाका आवळते. हा दोरा टेन्शनच्या दोन तबकड्यांमध्ये बसलेलाच नसेल, तर त्याला आवर राहत नाही आणि प्रत्येक टाक्याचा शिलकी दोरा खाली साचत जातो. प्रेशर फूट खाली असताना या तबकड्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. म्हणून फूट उचलूनच दोरा ओवावा. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी वरचा दोरा संपूर्ण काढून नव्याने ओवला, तर पुष्कळ तक्रारी तेथेच निकालात निघतात.

गैरसमज : मोडेपर्यंत सुई बदलण्याचे कारण नाही.
वस्तुस्थिती : बोथट झालेले टोक डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण कानांना कळते, कापडात शिरताना टक-टक आवाज येऊ लागतो, टाके सुटतात आणि तलम कापडाचा धागा ओढला जातो. सुमारे ८ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. १४ नंबरची, म्हणजेच ०.९ मिलिमीटर जाडीची सुई मध्यम सुती कापडास योग्य. मलमलीस ९ किंवा ११, आणि जीनच्या जाड कापडास १६ वा १८. सुईची सपाट बाजू शटलच्या टोकाकडे असली पाहिजे. ती उलट बसली तर फास विरुद्ध अंगाला पडतो आणि टीप बसतच नाही.

गैरसमज : घरातले कोणतेही तेल यंत्रास चालते.
वस्तुस्थिती : खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजू लागते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत यंत्र जड चालते, स्वयंपाकाचे तेल हवेने चिकट होते, त्यात कापसाचे तंतू व धूळ अडकते आणि कालांतराने त्याचा कीट बनतो. शिवणयंत्रासाठी मिळणारे पातळ खनिज तेलच वापरावे, तेही प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब, आणि नंतर एखाद्या चिंधीवर टीप मारून जादा तेल टिपून घ्यावे. विजेवरच्या काही नव्या यंत्रांत तेल घालण्याची मनाई असते. तेथे सोबतची पुस्तिका प्रमाण मानावी.

गैरसमज : मागून कापड ओढले, तर शिलाई भरभर व सरळ होते.
वस्तुस्थिती : कापड सरकवणे हे सुईखालच्या दात्यांचे काम असून, ते सुई कापडाबाहेर असतानाच पार पडते. सुई आत असताना ओढ बसली, तर ती वाकते, प्लेटवर आपटते आणि प्रसंगी शटललाही ओरखडा पाडते. हाताने कापडाला केवळ दिशा द्यावी.

तात्पर्य, यंत्र कुरकुरू लागताच प्रथम वरचा दोरा नव्याने ओवावा, मग सुई बदलावी, दात्यांखालचे व शटलजवळचे तंतू ब्रशने काढावेत आणि योग्य तेलाचे थेंब द्यावेत. एवढे करूनही ते ताळ्यावर न आले, तरच कारागिराला पाचारण करावे.