परदेशप्रवास, टॅबलेट आणि ई-सिम

परदेशी निघालेल्या व्यापारी कुटुंबाच्या सामानात खाकरे, कोरड्या चटण्या, सुका मेवा आणि जपमाळ असतेच. अलीकडे त्यात टॅबलेटची भर पडली आहे. त्याच्या मोठ्या पडद्यावर बिल चष्म्याशिवाय वाचता येते, नातवंडांचे चेहरे नीट दिसतात आणि पेढीचे खातेही उघडता येते. मात्र विमान परक्या भूमीवर उतरले की हाच टॅबलेट मुका होतो. विमानतळाच्या, नाहीतर हॉटेलच्या वाय-फायवर विसंबावे लागते. आणि अनोळखी वाय-फायवर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरी यंदा हाच प्रश्न उभा राहिला. धाकटी कन्या बेल्जियममधील अँटवर्पला, थोरली इंग्लंडमधील लेस्टरला. जून महिन्यात पती-पत्नींनी सोळा दिवसांचा प्रवास ठरवला. पेढी मुलाच्या हाती सोपवलेली. परंतु बँकेत दोघांच्या मंजुरीची पद्धत होती. मुलाने रक्कम भरायची आणि वडिलांनी ओटीपी घालून ती मंजूर करायची. शिवाय २० तारखेला जीएसटीचे ३-बी विवरणपत्र आणि कराचा भरणा. माल देऊन गेलेल्या शेतकऱ्याचे पैसे ठरल्या दिवशी पोहोचले नाहीत, असे त्या पेढीवर तीन पिढ्यांत घडले नव्हते. प्रवास रद्द करावा, असा विचार वडिलांच्या मनात येऊन गेला. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातवाने मात्र वेगळा मार्ग सुचवला. “आजोबा, सिम बदलायचे नाही. तुमचे सिम फोनमध्येच राहू द्या. इंटरनेट टॅबलेटमध्ये घेऊ.”

ई-सिम म्हणजे काय?

पहिले सिमकार्ड १९९१ मध्ये तयार झाले, तेव्हा ते आजच्या डेबिट कार्डाएवढे होते. पुढे ते लहान होत होत नखाएवढे झाले. ई-सिममध्ये कार्डच नाही. उपकरणात कारखान्यातच बसवलेली एक चिप असते आणि दूरसंचार कंपनीची ओळख, म्हणजे ‘प्रोफाइल’, इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवली जाते. एका चिपमध्ये अनेक प्रोफाइले ठेवता येतात; हवी ती चालू, नको ती बंद. जगभरातील मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने सामान्य ग्राहकांच्या उपकरणांसाठी याचे मानक २०१६ मध्ये आणले.

आधी टॅबलेट तपासावा

प्रत्येक टॅबलेटमध्ये ई-सिमची सोय नसते. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये ती नाहीच. ‘वाय-फाय आणि सेल्युलर’ प्रकारचाच आयपॅड लागतो. २०१८ च्या आयपॅड प्रोपासून ही सोय सुरू झाली आणि २०२४ च्या आयपॅड प्रो व आयपॅड एअरमध्ये तर कार्डाची खाचच काढून टाकली गेली. सॅमसंगच्या काही ५जी टॅबलेटांतही ई-सिम चालते. ओळखण्याची सोपी खूण अशी की, सेटिंग्जमध्ये उपकरणाच्या माहितीच्या पानावर ‘ईआयडी’ नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसतो. तो नसेल तर ई-सिमची योजना विकत घेऊ नये.

योजना निवडताना

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देशांची यादी वाचणे. बेल्जियम युरोपीय संघात आहे. ब्रिटन आता नाही. संघातील देशांत आपसांतील रोमिंगचा जादा आकार २०१७ पासून उठवला गेला आहे, पण ‘युरोप’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक योजनेत ब्रिटन आणि स्वित्झर्लंड असतीलच असे नाही. सांगलीच्या कुटुंबाला पहिल्याच योजनेत ही उणीव आढळली. म्हणून त्यांनी दोन्ही देश असलेली दुसरी योजना घेतली.

दुसरे, मुदत केव्हापासून मोजली जाते ते पाहावे. काही योजनांची मुदत प्रोफाइल उतरवताच सुरू होते, काहींची परदेशी नेटवर्क प्रथम मिळाल्यापासून. तिसरे, हॉटस्पॉटने इंटरनेट वाटून देण्याची मुभा आहे का, हे विचारावे. चौथे, विक्रेता कोण ते पाहावे. भारतात परदेशी सिम विकण्यास दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसलेल्या दोन परदेशी विक्रेत्यांची ॲप आणि संकेतस्थळे २०२४ च्या आरंभी भारतात बंद करण्याचे आदेश निघाले होते. आपल्या नेहमीच्या मोबाइल कंपनीचा रोमिंग पॅक आणि ई-सिमची योजना यांचे दर शेजारी-शेजारी मांडून मगच निर्णय घ्यावा. पेढीवर दोन दलालांचे भाव विचारल्याशिवाय माल घेतला जात नाही. येथेही तोच नियम.

बसवण्याची रीत

प्रोफाइल उतरवण्यासाठीच इंटरनेट लागते, म्हणून हे काम निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर करावे. विक्रेता ई-मेलने क्यूआर कोड पाठवतो. तो कागदावर छापून घ्यावा किंवा दुसऱ्या फोनवर उघडावा, म्हणजे टॅबलेटच्या कॅमेऱ्याने टिपता येतो. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल डेटा’, सॅमसंगवर ‘कनेक्शन्स’ आणि त्यातील ‘सिम मॅनेजर’ येथे ई-सिम जोडण्याचा पर्याय असतो. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. त्यामुळे उतरवलेले प्रोफाइल ‘पाहू या, पुन्हा करू’ म्हणून पुसून टाकू नये. पुसले की बहुतेक वेळा पैसेही गेले. नको असेल तेव्हा ते फक्त बंद करावे.

परदेशी पोहोचल्यावर हे प्रोफाइल चालू करून त्यातील ‘डेटा रोमिंग’ सुरू करावे लागते. रोमिंग म्हटले की मोठ्या बिलाची भीती वाटते. पण प्रवासाच्या पुष्कळ ई-सिम मुळातच दुसऱ्या देशातील कंपनीच्या असतात, त्यामुळे रोमिंगशिवाय त्या चालत नाहीत. पैसे आधीच भरलेले असल्याने, डेटा संपला तर बहुधा सेवा थांबते, बिल वाढत नाही.

ओटीपी कोठे येणार?

येथेच अनेकांची गफलत होते. प्रवासाची ई-सिम बहुधा केवळ डेटासाठी असते. तिला भारतीय क्रमांक नसतो; बँकेचा ओटीपी तिच्यावर येत नाही आणि यूपीआयही तिच्यावर जोडता येत नाही, कारण यूपीआयची नोंदणी खात्याशी जोडलेल्या सिमवरूनच होते. म्हणून भारतीय सिम फोनमधून काढू नये. निघण्यापूर्वी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे, येणाऱ्या संदेशाला आकार आहे का ते विचारावे आणि प्रीपेड असल्यास रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे न्यावी. फोनचे डेटा रोमिंग मात्र बंद ठेवावे.

अशी विभागणी केली की टॅबलेटकडे इंटरनेट आणि फोनकडे ओटीपी. फोनला इंटरनेट लागले तर टॅबलेटचा हॉटस्पॉट सुरू करावा. तेव्हा एक सावधगिरी हवी. फोन त्या जोडणीला साधे वाय-फाय समजतो आणि शेकडो छायाचित्रांची साठवण, ॲपची अद्ययावत रूपे असे सारे मुकाट्याने सुरू करतो. त्यासाठी फोनमध्ये त्या जोडणीला ‘लो डेटा मोड’ किंवा ‘मीटर्ड’ अशी खूण करावी.

ठकांपासून सावध

ई-सिमच्या सोयीचाच आधार घेऊन भारतात फसवणूक होते. कंपनीतून बोलतो असे सांगणारा फोन येतो. ‘सिम बंद पडणार आहे, ई-सिम करून देतो, आलेला संदेश पुढे पाठवा किंवा होकार द्या’ असे सांगितले जाते. होकार दिला की आपला क्रमांक ठकाच्या उपकरणात जातो आणि पाठोपाठ ओटीपीही. आपला भारतीय क्रमांक ई-सिममध्ये बदलायचा असेल तर स्वतः कंपनीच्या दुकानात जावे. फोनचे नेटवर्क अकारण गेले आणि परत आले नाही, तर प्रथम बँकेला कळवून खाते थांबवावे. भारतात सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. परदेशातून असे छोटे क्रमांक व १८०० ने सुरू होणारे क्रमांक लागतीलच असे नाही. म्हणून बँकेचा +९१ ने सुरू होणारा क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवावा आणि तक्रारीचे काम घरच्या एका माणसाला आधीच समजावून द्यावे.

अँटवर्पमधील एक दुपार

१९ जूनला सांगलीत दुपारचे चार वाजले होते, अँटवर्पमध्ये साडेबारा. विल्रिक येथील संगमरवरी जैन मंदिरात दर्शन घेऊन कुटुंब बाहेर आले तोच मुलाचा निरोप आला: कराची रक्कम आणि चार शेतकऱ्यांची देणी मंजुरीसाठी ठेवली आहेत. झाडाखालच्या बाकावर बसून वडिलांनी टॅबलेटवर बँकेचे पान उघडले, एकेक नाव आणि रक्कम वहीशी ताडून पाहिली, फोनवर आलेला ओटीपी घातला. दहा मिनिटांत काम संपले.

त्या रात्री सूर्यास्त दहाच्या सुमारास होता. टॅबलेटचे घड्याळ आपोआप स्थानिक वेळेवर आले होते. आजींनी त्यावरच तेथील सूर्योदय पाहून त्यात ४८ मिनिटे मिळवली आणि दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीची वेळ लिहून ठेवली. भोजन मात्र घरच्या रीतीप्रमाणे सातलाच झाले. पुढे लेस्टरला, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जुन्या चर्चच्या वास्तूत उभ्या राहिलेल्या जैन सेंटरमध्येही तोच टॅबलेट, तीच ई-सिम चालली.

परतल्यावर वडिलांनी प्रवासखर्चाच्या वहीत ई-सिमची रक्कम लिहिली आणि पुढे शेरा मारला: “देणी वेळेवर गेली.”