फुकटच्या व्हिडिओचा दिवस

सकाळी साडेसहा. रस्त्यावरची वर्दळ वाढायच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं. लातूरच्या आमच्या महाविद्यालयातली भूगोलाची प्रयोगशाळा म्हणजेच स्टुडिओ. खिडक्यांना चादरी, पंखा बंद. सॉफ्टवेअर ओबीएस, ते मोफत. मोबाइल आणि माइक माझा. विषय मांजरा नदीचं खोरं. व्हिडिओ बारा मिनिटांचा, पण लिखाणात आणि नकाशांत अख्खा रविवार गेला.

आठ. वीज गेली. जनरेटरच्या डिझेलला प्राचार्यांची सही लागते, प्राचार्य दहाला येतात.

दहा ते एक नेहमीच्या तासिका. ऑनलाइनचं काम वर्कलोडमध्ये धरत नाहीत.

दोन. लेखा विभागातले भाऊ माझ्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा प्रस्ताव घेऊन बसले. "मॅडम, कॅमेरा एकदा घेतला की पुढं फुकटच ना? आणि पोरं स्वयमवरून शिकतात की, आपण कशाला बनवायचं?"

दुसरा प्रश्न रास्त आहे. स्वयम म्हणजे केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच. 2016 मध्ये यूजीसीने सत्रातले 20 टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेऊन त्यांचे श्रेयांक धरायची मुभा दिली, 2021 मध्ये ती 40 टक्क्यांवर नेली. तिथं शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढं शुल्क. मोफत म्हणजे खर्च नाही असं नव्हे. तो सरकार सोसतं आणि देशभरच्या विद्यार्थ्यांत वाटला जातो. माझ्या वर्गात मुलं साठ. म्हणजे दर मुलामागे आमचाच व्हिडिओ महाग.

तीन. नांदेडच्या मैत्रिणीचा फोन. तीही मांजराच रेकॉर्ड करतेय! स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे. निदान तेवढ्यांत एकच धडा फिरवता आला असता. पण जो तो आपल्या नावाचा अभ्यासक्रम मागतो. कॅमेऱ्यापेक्षा ही हौस महागात पडते, असं मला वाटतं.

रात्री नऊ. आता मुलांचे प्रश्न यायला लागतात, कारण घरातला फोन वडील परतल्यावरच मुलांच्या हाती पडतो. निलंग्याच्या एका मुलीला धरणाखालच्या गावांचं पाणी समजून घ्यायचंय. लिहून भागेना, फोनच केला. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचणी एकदा करून ठेवता येते. शंकांचं तसं नाही, मुलं वाढली की त्या वाढतात. साठांऐवजी सहाशे झाली तर दहा जणी लागतील.

साडेदहा. भाऊंचा मेसेज: "शंकांचे तास कोणत्या हेडखाली टाकू?"

मानधनात टाका, म्हटलं.

"ते फक्त बाहेरच्या तज्ज्ञांना आहे, मॅडम."