काचेच्या घुमटाचे डबे : छंद प्रतिकृतींचा, इतिहास रुळांचा

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथून अभनपूरपर्यंतची प्रवासी रेल्वेसेवा ३० मार्च २०२५ रोजी ब्रॉडगेज मार्गावरून सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती महानदीच्या काठावरील राजिम या तीर्थक्षेत्रापर्यंत वाढविण्यात आली. नव्या गाडीमुळे प्रवाशांची सोय झाली आहे. मात्र याच परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभापासून धावलेली, रायपूर ते धमतरी आणि अभनपूर ते राजिम अशी नॅरोगेज गाडी आता इतिहासजमा झाली आहे. रायपूर शहरातील तिच्या रुळांच्या जागेवर आज द्रुतगती मार्ग आहे.

एखादी गाडी कायमची बंद झाल्यावर तिचे काय उरते, असा प्रश्न यानिमित्ताने उपस्थित होतो. काही डबे संग्रहालयात जातात, बहुतेक भंगारात निघतात आणि प्रवाशांच्या आठवणी कालांतराने पुसट होतात. तरीही काही गाड्या बंद होऊन अर्धशतक उलटल्यानंतरही त्यांच्या खिडक्यांची संख्या, आसनांचा रंग आणि डब्यांची नावे जगभरातील हजारो लोकांना तोंडपाठ असतात. याचे श्रेय बव्हंशी रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती जमविणाऱ्या छांदिष्टांना जाते. या छंदात विशेष मानाचे स्थान लाभलेला डबा म्हणजे काचेच्या घुमटाचा प्रवासी डबा होय.

घुमटाचा डबा म्हणजे काय?

अशा डब्याच्या छताचा काही भाग वर उचललेला असतो आणि त्यावर चारही बाजूंनी काचेचे आच्छादन असते. प्रवासी काही पायऱ्या चढून या कक्षात जातो. तेथे त्याची नजर गाडीच्या छतापेक्षा उंच पातळीवर असते, त्यामुळे पुढचे वळण, दोन्ही बाजूंचे डोंगर आणि माथ्यावरचे आकाश एकाच वेळी दिसते. घुमटाखालील जागाही वाया जात नाही. तेथील जमीन थोडी खाली घेऊन लहान खोल्या, प्रसाधनगृहे किंवा खानपानाची व्यवस्था केली जाते.

या डब्याच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. जनरल मोटर्स या कंपनीच्या रेल्वे इंजिन विभागाचे प्रमुख सायरस ऑस्बर्न १९४४ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो राज्यातून प्रवास करीत होते. ग्लेनवुड नावाच्या खोल दरीतून गाडी जात असताना ते डिझेल इंजिनाच्या चालककक्षात बसले होते. चालकाला दिसणारे हे विहंगम दृश्य तिकीट काढून बसलेल्या प्रवाशाला का दिसू नये, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातून घुमटाची कल्पना साकारली. बर्लिंग्टन रेल्वेने १९४५ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या एका जुन्या डब्यात बदल करून ‘सिल्व्हर डोम’ हा डबा तयार केला. १९४७ मध्ये जनरल मोटर्सने घुमटाचे चार डबे असलेली प्रदर्शनीय गाडी अमेरिकेत फिरविली आणि या कल्पनेला व्यापक प्रसिद्धी मिळाली.

या डब्यांचा खरा सुवर्णकाळ २० मार्च १९४९ रोजी सुरू झालेल्या ‘कॅलिफोर्निया झेफर’ या गाडीने आणला. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को परिसर या मार्गावरील या गाडीला घुमटाचे पाच डबे असत. रॉकी आणि सिएरा नेवाडा या पर्वतरांगा दिवसाउजेडी पार होतील, अशा बेताने तिचे वेळापत्रक आखण्यात आले होते. कॅनडात १९५५ मध्ये ‘द कॅनेडियन’ ही गाडी सुरू झाली, तर पश्चिम जर्मनीत १९६२ मध्ये ‘राइनगोल्ड’ या गाडीला घुमटाचे डबे जोडण्यात आले.

तथापि, विमाने आणि महामार्ग यांच्या स्पर्धेत अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या गाड्यांचे प्रवासी घटत गेले. ‘कॅलिफोर्निया झेफर’ आपल्या मूळ स्वरूपात मार्च १९७० मध्ये बंद झाली. पुढे त्याच नावाची गाडी पुन्हा सुरू झाली, पण पाच घुमटांचा तो दिमाख परत आला नाही.

तीस सेंटिमीटरमधील गाडी

बंद झालेल्या या गाडीचे डबे प्रतिकृतींच्या रूपाने मात्र घरोघरी पोहोचले. रेल्वे प्रतिकृतींचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान केली जाते, म्हणजेच प्रत्यक्षातील एक मीटर लांबी प्रतिकृतीत सुमारे साडेअकरा मिलिमीटर होते. सुमारे २६ मीटर लांबीचा अमेरिकन डबा या प्रमाणात ३० सेंटिमीटरचा होतो. ‘एन’ प्रमाणात वस्तू १६० पटींनी लहान होते आणि तोच डबा सुमारे १६ सेंटिमीटरमध्ये मावतो.

जाणकार संग्राहक केवळ चकाकी पाहून डबा विकत घेत नाही. घुमट डब्याच्या मध्यभागी आहे की संपूर्ण लांबीवर पसरलेला आहे, बाजूच्या पत्र्यावरील उभार रेघा मूळ डब्याप्रमाणे आहेत काय, खिडक्यांची मांडणी कोणत्या वर्षाची आहे आणि पाटीवर कोणते नाव आहे, हे तो तपासतो. ‘कॅलिफोर्निया झेफर’च्या डब्यांची नावे ‘सिल्व्हर’ या शब्दाने सुरू होत. त्यामुळे नावावरून डब्याचा प्रकार आणि त्याची मालक कंपनी यांचा माग काढता येतो.

जुन्या प्रतिकृतींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घरातील मेजावर मांडलेल्या रुळांची वळणे फार तीव्र असतात आणि पूर्ण लांबीचा डबा त्यावरून घसरतो. त्यामुळे अनेक उत्पादकांनी पूर्वी डब्यांची लांबी हेतुपुरस्सर कमी ठेवली होती. असा डबा देखणा असला तरी प्रमाणबद्ध नसतो. म्हणूनच प्रतिकृती ही इतिहासाचा पुरावा मानण्यापूर्वी तिची मापे मूळ आराखड्याशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

विशेष म्हणजे, घुमटाच्या डब्याचे स्मारकही प्रतिकृतीच्याच रूपात उभारण्यात आले. ज्या ग्लेनवुड दरीत ही कल्पना सुचली, तेथे १९५० मध्ये दगडी चौथऱ्यावर अशा डब्याची स्टीलची लहान प्रतिकृती बसविण्यात आली. पुढे हे स्मारक कोलोराडोतील रेल्वे संग्रहालयात हलविण्यात आले.

भारतातील व्हिस्टाडोम

भारतात ब्रॉडगेजवर व्हिस्टाडोम डबे २०१७ मध्ये आले. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम ते अरकू या मार्गावर असा डबा सुरू झाला. हाच लोहमार्ग पुढे छत्तीसगडच्या बस्तर भागात जगदलपूर आणि किरंदुलपर्यंत जातो. सप्टेंबर २०१७ मध्ये दादर-मडगाव जनशताब्दी एक्स्प्रेसला, तर २०२१ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरील डेक्कन एक्स्प्रेस आणि दख्खनची राणी या गाड्यांना हे डबे जोडण्यात आले. त्यामुळे पावसाळ्यातील खंडाळ्याच्या घाटाचे आणि कोकणातील धबधब्यांचे दर्शन आसनावर बसूनच घडू लागले.

नाव सारखे असले तरी भारतीय डबा आणि अमेरिकन घुमट यांत मूलभूत फरक आहे. भारतीय डब्यात वरचा मजला नाही. तेथे रुंद खिडक्या, छतातील काचेची तावदाने आणि फिरणारी आसने आहेत. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर डब्याच्या वर २५ हजार व्होल्ट दाबाची तार असते. बोगदे आणि पूल यांच्या मोकळ्या जागेलाही मर्यादा असतात. अशा स्थितीत डब्याची उंची न वाढविता छतालाच काच बसविणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

नॅरोगेज आणि ९ मिलिमीटर

भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती तयार करताना एक अडचण येते. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. ‘एचओ’ प्रमाणात ते सुमारे १९.३ मिलिमीटर असायला हवे, परंतु या प्रमाणाचे प्रचलित रूळ १६.५ मिलिमीटरचेच असतात. नॅरोगेजचे गणित मात्र जवळजवळ अचूक जुळते. रायपूर-धमतरी मार्गाचे ७६२ मिलिमीटर अंतर ८७ पटींनी कमी केले, तर सुमारे ८.८ मिलिमीटर होते आणि ‘एन’ प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ सहज उपलब्ध आहेत.

म्हणजेच धमतरीकडून लाकूड, लाख आणि धान आणणारी, राजिमच्या माघी यात्रेला भाविकांना नेणारी ती छोटी गाडी मेजावर पुन्हा धावू शकते. त्यासाठी आवश्यक आहेत ती डब्यांची मापे, क्रमांक, रंग, दारे-खिडक्यांची छायाचित्रे आणि स्थानकांचे नकाशे. ‘कॅलिफोर्निया झेफर’ची प्रतिकृती आज हुबेहूब होते, कारण तिचे आराखडे, छायाचित्रे आणि काही मूळ डबे जतन करण्यात आले. भारतातील नॅरोगेज गाड्यांची अशी कागदपत्रे अनेकदा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेट्यांत आणि कौटुंबिक छायाचित्रांच्या पाठीमागे विखुरलेली असतात.

या दृष्टीने दोन ठिकाणे मार्गदर्शक आहेत. नागपूरच्या मोतीबाग येथे डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय हे त्यांपैकी एक. रायपूर आणि नागपूर हे दोन्ही विभाग आज दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत असल्याने रायपूरकरांसाठी ते घरचेच आहे. दुसरे ठिकाण म्हणजे पुण्यातील कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. छोट्या शहरातून धावणाऱ्या तेथील गाड्या पाहताना मुलांइतकेच वडीलधारेही रमून जातात.

काचेच्या घुमटात बसणाऱ्या प्रवाशाला पुढचा मार्ग दिसत असे. प्रतिकृती जमविणारा मागे राहिलेला मार्ग जपतो. रायपूर-धमतरी गाडीने प्रवास केलेली पिढी आज हयात आहे आणि डब्यातील बाके कोणत्या दिशेला होती, हे ती सांगू शकते. ती माहिती टिपून घेण्यासाठी मोजपट्टी, वही आणि थोडा वेळ एवढेच भांडवल पुरेसे आहे.