दक्षिणा आणि आज्ञावली

काशीच्या दुर्गाघाटावर मराठी शास्त्र्यांची घराणी नांदली. विद्येचे मोल ठरवायचे नाही, शिष्याने यथाशक्ती दक्षिणा द्यायची, ही अशा घराण्यांची जुनी रीत. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी आपली संगणकाची आज्ञावली अशाच विश्वासाने खुली सोडली: वापरा, इतरांस द्या, उपयोगी वाटल्यास २५ डॉलर पाठवा. तेव्हा पैसे टपालाने धाडावे लागत. २०१६ साली आपल्याकडे यूपीआय आले आणि दहा रुपयेही क्षणात पोचू लागले. मार्ग सुलभ झाला. परंतु शास्त्रीबुवांपुढे शिष्य बसलेला असे, आज्ञावली रचणाऱ्यास वापरणारा दिसतही नाही. मग त्याचे पोट भरत नाही आणि सर्वांच्या उपयोगाचे साधन एके दिवशी निराधार होते. दक्षिणा ही भीक नव्हे. विद्या पुढे चालावी म्हणून केलेली ती तजवीज आहे.