जेफरसन कौंटीचें गटार आणि तिचें दिवाळें

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत बर्मिंगहॅम शहरीं राहतो. गेल्या दिवाळींत घरीं आला असतां बोलतां बोलतां म्हणाला, "काका, आमच्याकडे नळानें घरांत येणाऱ्या पाण्यापेक्षां गटारानें बाहेर जाणाऱ्या पाण्याचे पैसे जास्त पडतात." घरांतील मंडळी हंसली. पण मला हें कोडें सुटेना. आयुष्यभर मुलांना उदाहरणें घातलेल्या माणसाला हिशेब न सुटणें म्हणजे दांतांत कण अडकल्यासारखें होतें. म्हणून त्या प्रकरणाचें जें मिळालें तें वाचून काढलें.

बर्मिंगहॅम हें जेफरसन कौंटीचें मुख्य ठिकाण. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मात्र तेथील कारभार कलेक्टरासारख्या अधिकाऱ्याच्या हातीं नसून लोकांनीं चार वर्षांसाठीं निवडलेल्या पांच सभासदांच्या मंडळाकडे, म्हणजे कौंटी कमिशनाकडे, असतो. या मंडळाचें नित्याचें काम अगदीं रुक्ष: १ आक्टोबरपासून सुरू होणाऱ्या वर्षाचें अंदाजपत्रक मंजूर करणें, रस्ते व पूल दुरुस्त ठेवणें, न्यायालयाची इमारत व कारागृह यांचा खर्च चालविणें, ठेक्यांना संमति देणें, बिलें चुकतीं करणें आणि जरूर पडल्यास कर्जरोखे काढणें. वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ असला मजकूर पाहून पान उलटतो. कौटिल्य मात्र उलटीत नाहीं. त्यानें हिशेबाच्या कचेरीस, अक्षपटलास, स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. आषाढांत सर्व हिशेबनीसांनीं वह्या घेऊन हजर व्हावें असें सांगितलें आहे. आणि सरकारी पैसा गिळण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. एकेचाळिसावा त्यास सुचला नसावा.

गोष्टीचा आरंभ मात्र पुण्यकर्मानेंच झाला. कौंटींतील मैल्याचे नळ जुने व फुटके होते. पाऊस पडला कीं त्यांत बाहेरचें पाणी शिरे, आणि शुद्ध न केलेला मैला काहाबा नदींत वाहून जाई. नदीकांठच्या रहिवाशांनीं व मध्यवर्ती सरकारनें दावे लावले, आणि १९९६ सालीं कौंटीनें न्यायालयासमोर सर्व व्यवस्था सुधारण्याचें कबूल केलें. यास पैसा हवा, म्हणून कर्ज काढलें. येथपर्यंत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. घराचें छप्पर गळूं लागलें तर शहाणा माणूसही कर्ज काढतो.

पुढें २००२-०३ सालीं या कर्जाचा मोठा भाग कायम व्याजाचा होता तो बदलत्या व्याजाचा करण्यांत आला. त्याशिवाय बँकांशीं व्याजदराची अदलाबदल करण्याचे करार झाले: तुम्ही आमचें व्याज भरा, आम्ही तुमचें भरतों, आणि बाजार ज्याच्या बाजूस झुकेल तो नफा घेईल. कागदावर बचत दिसत होती. मला वाटतें, सही करणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना तो कागद उमगला असेल. त्यांना हंसण्याचा अधिकार मला नाहीं. मुख्याध्यापक असतांना मी एकदां चाळीस बांकांच्या पावतीवर न मोजतां सही केली होती. वर्गांत आलीं तीं छत्तीस. चार बांकांचे पैसे मीं स्वतः भरले, आणि मुलें महिनाभर दाटीवाटीनें बसलीं.

२००८ सालीं अमेरिकेंतील पेढ्या डळमळल्या. या रोख्यांची हमी घेतलेल्या विमा कंपन्यांची पत घसरली, रोख्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि बदलतें व्याज एकदम भडकलें. दरम्यान फौजदारीही झाली. मंडळाचे पूर्वीचे अध्यक्ष लॅरी लँगफर्ड हे रोख्यांचें काम मिळवून देण्यासाठीं रोकड, कपडे व घड्याळें घेतल्याबद्दल २००९ सालीं दोषी ठरले व त्यांस पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षीं जे. पी. मॉर्गन या पेढीनें, आरोप मान्य वा अमान्य न करतां, साडेसात कोटि डॉलर भरले आणि कराराचे ६४ कोटि ७० लक्ष डॉलरांचें येणें सोडून दिलें.

शेवटचा घाव पडला तो एका नोटिशीवरून. कौंटीस स्वतःच्या इच्छेनें कर बसवितां येत नाहीं. राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागते. नोकरीधंद्यावरील जो कर कौंटीस वर्षाला सहा कोटींहून अधिक डॉलर देत होता, तो २०११ च्या मार्चमध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला, कारण कायदा करण्यापूर्वीं जाहिरात रीतसर दिली नव्हती! शेंकडों कामगार घरीं बसले. ९ नोव्हेंबर २०११ रोजीं मंडळानें चारांविरुद्ध एक अशा मतांनीं दिवाळ्याचा अर्ज केला. एकूण देणें सुमारें ४२० कोटि डॉलर. त्यांत एकट्या गटाराचें ३१४ कोटि. कौंटीची वस्ती २०१० च्या शिरगणतींत साडेसहा लक्षांच्या किंचित् वर होती. वाचकांपैकीं कोणीं हौशीनें भागाकार करून पाहावा. तान्ह्या मुलासुद्धां दरडोई पावणेपांच हजार डॉलर येतात. २०१३ सालीं डेट्रॉइट शहर बुडेपर्यंत त्या देशांत एवढें मोठें स्थानिक दिवाळें दुसरें नव्हतें.

डिसेंबर २०१३ मध्यें कौंटी त्यांतून बाहेर पडली. सावकारांनीं, त्यांतही विशेषतः जे. पी. मॉर्गननें, बरेंच पाणी सोडलें. उरलेल्यासाठीं चाळीस वर्षांच्या मुदतीचे नवे रोखे निघाले व गटारपट्टी वाढविण्याचें ठरलें. पण तत्पूर्वींच, २०१२ च्या अखेरीस, कौंटीनें गरिबांसाठीं चालविलेल्या कूपर ग्रीन रुग्णालयांतील खाटा बंद झाल्या होत्या. तेथें फक्त बाहेरून येणाऱ्या रोग्यांना औषधपाणी मिळूं लागलें.

हें सर्व मी पुतण्यास वाचून दाखविलें. तो म्हणाला, "काका, मी तर २०१८ सालीं तिकडे गेलों. यांतलें कांहींच मीं केलेलें नाहीं." मी म्हटलें, "खरें आहे. पण बिल तुझ्याच नांवावर येतें ना?" त्यानें मान हलविली, आणि आंतून फराळाचें बोलावणें आलें.